परसातले जुने ट्रॅक्टर आणि त्यांचे धनी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात जुना गार्डन ट्रॅक्टर सांभाळून असलेल्या माणसाला ‘यातला सगळ्यांत चांगला कोणता?’ असं विचारलं, तर तो आधी रंग सांगतो. लाल म्हणजे व्हील हॉर्स, पिवळा-पांढरा म्हणजे कब कॅडेट, हिरवा म्हणजे जॉन डिअर. जरा बोलता झाला की रंग मागे पडतो आणि गाडी गिअरबॉक्स, इंजिन, क्लच यांच्यावर येते. आणखी मोकळा झाला की कळतं, तो ट्रॅक्टर त्याच्या वडिलांनी घेतलेला आहे, किंवा शेजारच्या आजोबांच्या पश्चात त्यांच्या शेडमधून त्याने उचललेला आहे. या आवडीनिवडींचा आढावा घेताना माझं एक मत पक्कं होत गेलं. हे ट्रॅक्टर शोभेसाठी ठेवलेले नसतात. पन्नास-साठ वर्षांची ही यंत्रं आजही गवत कापतात, बर्फ लोटतात, भाजीची जागा नांगरतात आणि बिघडली तर धन्याच्याच हातून दुरुस्त होतात. धन्याचा त्यांच्यावर जीव जडतो तो या दोन गोष्टींमुळे.

गार्डन ट्रॅक्टर म्हटलं की आपल्याला नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर आठवतो, १५ एचपीच्या महिंद्रा युवराजसारखा. तो बागायतदाराच्या पोटापाण्याचं साधन असतो. अमेरिकेतला गार्डन ट्रॅक्टर अनेकदा त्याहून लहान, साधारण ७ ते २० एचपीचा आणि बहुतकरून पेट्रोलवर चालणारा. त्याचा धनी दिवसभर कारखान्यात, शाळेत किंवा दुकानात नोकरी करतो आणि संध्याकाळी, शनिवार-रविवारी घराभोवतीची एक-दोन एकर जागा राखतो. वर बसून चालवायची गवत कापणी यंत्रं तिथे वेगळीही मिळतात, पण ती हलक्या पत्र्याची. त्यांना नांगर जोडला तर मागचा धुरा आणि गिअरबॉक्स दोन्ही जातील. गार्डन ट्रॅक्टरला जमिनीत शिरणारं अवजार जोडता येतं, हीच त्याची खरी ओळख. त्यासाठी लागते जाड लोखंडी चासी, बिडाच्या घरातला गिअरबॉक्स, मागे मोठी चाकं आणि तीन-चारशे किलो वजन.

या यंत्राची गरज निर्माण झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. शेतावर वाढलेली एक मोठी पिढी पगारी नोकरीसाठी शहरांच्या कडेला येऊन राहिली. मोठं शेत सुटलं होतं, पण मातीची सवय सुटली नव्हती. मिळालेली जागा मोठ्या ट्रॅक्टरला अपुरी आणि हाताने ढकलायच्या यंत्राला जास्त, अशी होती. शिवाय उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ ज्याचा त्याने काढायचा असतो. उन्हाळ्यात गवत, वसंतात नांगरट, हिवाळ्यात बर्फ आणि अधूनमधून लाकूडफाटा ओढणं, ही सगळी कामं एकाच यंत्राने करावीत, ही मागणी तिथून आली.

ती पुरवणाऱ्यांचा नकाशा काढला तर बरेच ठिपके एकट्या विस्कॉन्सिन राज्यात पडतात. जॉन डिअरचे गार्डन ट्रॅक्टर हॉरिकॉन गावात बनत. सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या मिशिगन सरोवराकाठच्या पोर्ट वॉशिंग्टन या एकाच छोट्या गावातल्या. केसने आपली गार्डन ट्रॅक्टरची शाखा उभी केली ती विनेकोनी गावची कोल्ट ही कंपनी विकत घेऊन. इकॉनॉमी आणि पॉवर किंग वॉकेशाचे. इंजिनं पुरवणारी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन मिलवॉकीची, तर कोहलर स्वतःच्याच नावाच्या गावातली. ओतशाळा, लेथवर हात बसलेले कामगार आणि शेती अवजारांचा जुना धंदा हे सगळं तिथे आधीपासून होतं. म्हणूनच त्या काळच्या छोट्या ट्रॅक्टरांत जे जाडजूड बिडाचं काम दिसतं, ते मोठ्या ट्रॅक्टरांची सवय असलेल्या हातांचं आहे.

व्हील हॉर्स मात्र इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा. हे शहर स्टुडबेकर मोटारींचं आणि ऑलिव्हर नांगरांचं. तिथे पाँड कुटुंबाच्या गॅरेजात बनू लागलेल्या छोट्या ट्रॅक्टरांच्या जोरावर सेसिल पाँड यांनी १९४६ मध्ये कंपनी काढली. आज लाल रंगाचे भक्त ज्या भागाचं नाव सगळ्यांत आधी घेतात तो म्हणजे युनि-ड्राइव्ह. गिअरबॉक्स आणि मागचा धुरा बिडाच्या एकाच घरात बसवलेला हा जोड कंपनीने १९५०च्या दशकात स्वतः बनवायला घेतला. पुढे त्यातूनच सहा पुढचे आणि दोन मागचे असा आठ गिअरांचा प्रकार आला. तेल वेळेवर बदललं आणि पाणी आत जाऊ दिलं नाही तर हा गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत उघडावा लागत नाही, असं त्याचे धनी सांगतात. आजही कामात असलेले ट्रॅक्टर पाहिले तर त्यांचं म्हणणं खरं वाटतं. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत ताकद नेतो एक साधा पट्टा, आणि तो ताणणारी पुली हाच क्लच. पट्टा ही व्हील हॉर्सची उणीव म्हणून दाखवली जाते. मला ते पटत नाही. नांगराचा फाळ मुळात किंवा दगडात अडकला की आधी पट्टा सरकतो आणि गिअरचे दात वाचतात. पट्टा बदलणं हे तासाभराचं काम, दात तुटणं हे महिन्याभराचं.

व्हील हॉर्सवाल्यांच्या प्रेमात कंपनीच्या घसरणीचाही वाटा आहे. १९७४ मध्ये ती अमेरिकन मोटर्सकडे गेली, १९८६ मध्ये टोरोने घेतली, आणि २००७ मध्ये टोरोने ते नावच बंद केलं. तरीही पेनसिल्व्हेनियात व्हील हॉर्सवाले दरवर्षी जत्रेच्या मैदानावर जमतात. तिथे १९५०च्या दशकातल्या गोल बॉनेटच्या गाड्यांपासून चार्जर, रेडर, कमांडो, सी-१२०, सी-१६० आणि शेवटच्या काळातल्या ५२०-एचपर्यंत सगळी वंशावळ रांगेत उभी असते. अवजारं बदलायची सोय व्हील हॉर्सने फार विचाराने केली होती. मागची जोडणी हत्यार न वापरता सुटते, त्यामुळे बर्फाच्या हंगामातून नांगराच्या हंगामात जायला पान्हे शोधावे लागत नाहीत. रोजच्या वापरात माणूस यंत्रावर खूश होतो तो अशाच सोयींमुळे.

कब कॅडेटची गोष्ट उलट्या दिशेने सुरू होते. इथे गॅरेजातून कारखाना उभा राहिला नाही, मोठ्या ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ जन्माला आला. इंटरनॅशनल हार्वेस्टर या बड्या कंपनीने १९४७ मध्ये फार्मॉल कब हा लहान शेतीचा ट्रॅक्टर आणला होता. पुढे १९६१ साठी त्याहून लहान यंत्र काढताना लुईव्हिलच्या कारखान्यात कबचाच गिअरबॉक्स आणि मागचा धुरा वापरला आणि वर ७ एचपीचं कोहलर इंजिन बसवलं. म्हणजे परसात गवत कापणाऱ्या गाडीच्या पोटात शेतावरच्या ट्रॅक्टरचे गिअर. पहिल्या मॉडेलमध्ये इंजिन आणि शाफ्ट यांच्यात तरी पट्टा होता. १९६३च्या मॉडेलांपासून तोही गेला. कोरडी क्लच प्लेट, तिच्यामागे सरळ शाफ्ट आणि त्यामागे गिअरबॉक्स. कब कॅडेटवाले या सरळपणावर बोलायला लागले की थांबत नाहीत.

मराठी वाचकाला या कंपनीचं नाव अगदी परकं नाही. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर महिंद्रांनी १९६३ मध्ये भागीदारी केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ ट्रॅक्टर बनू लागले. आपल्याकडच्या बी-२७५ची रचना कब कॅडेटहून वेगळी आणि आकार कितीतरी मोठा, पण त्याच्या जुन्या धन्यांकडे आजही तीच भाषा ऐकू येते: खोलला की सगळं समजतं, आणि समजलं की गावातच दुरुस्त होतो.

कब कॅडेटच्या लोकप्रियतेला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ट्रॅक्टर पुलिंग. जत्रांमध्ये वजनाची घसरगाडी ओढायच्या स्पर्धा भरतात. गाडी जसजशी पुढे जाते तसतसं घसरगाडीवरचं वजन पुढे सरकतं आणि ओढ वाढत जाते. छोट्या ट्रॅक्टरांच्या गटात इंजिनं इतकी वाढवलेली असतात की मूळ कारखान्यातल्या कुणी ती ओळखणार नाही. पण त्याखालचा सांगाडा आणि मागचा भाग पुष्कळदा कब कॅडेटचाच असतो, कारण सात घोड्यांसाठी घेतलेला तो गिअरबॉक्स मुळात त्याहून जड कामासाठी ओतलेला होता. १९८१ मध्ये हार्वेस्टरने ही शाखा एमटीडी कंपनीला विकली. कब कॅडेट नाव आजही बाजारात आहे, पण जुने धनी विकत घेताना आधी तो हार्वेस्टरच्या काळातला आहे का ते बघतात.

आता इंजिनाबद्दल, कारण रंगाची भांडणं कितीही असली तरी बॉनेट उघडलं की त्याखाली पुष्कळदा एकच नाव निघतं. आपल्या शहरांत कोहलर म्हटलं की बाथरूममधले नळ डोळ्यांसमोर येतात. त्याच कंपनीची के मालिकेची एका सिलिंडरची इंजिनं व्हील हॉर्स, कब कॅडेट, जॉन डिअर, केस अशा सगळ्यांत बसली. ७ एचपीचं के-१६१, ८चं के-१८१, १०चं के-२४१, १२चं के-३०१, १४चं के-३२१, १६चं के-३४१. संपूर्ण ब्लॉक बिडाचा. सिलिंडर झिजला तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकायचा, पुन्हा झिजला तर आणखी एक माप वर जायचं. आजच्या स्वस्त इंजिनात हा मार्ग सहसा नसतो, पूर्ण इंजिनच बदलावं लागतं.

या इंजिनाचे इग्निशनचे पॉइंट ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला, एका छोट्या पत्र्याच्या झाकणाखाली असतात. आतल्या कॅमशाफ्टवरून एक बारीक दांडी येऊन त्यांना ढकलते. बऱ्याच छोट्या इंजिनांत पॉइंटपर्यंत पोचायला फ्लायव्हील काढावं लागतं. इथे झाकण काढायचं, काळवंडलेली टोकं बारीक पॉलिश कागदाने घासायची, पॉइंट पूर्ण उघडे असतील अशा जागी इंजिन हाताने फिरवून आणायचं, आणि वीस हजारांश इंचाची पट्टी मधून नुसती सरकेल एवढी फट ठेवून स्क्रू आवळायचा. मग कंडेन्सरची वायर नीट बसली आहे का बघायची आणि झाकण लावायचं. काल न पेटलेलं इंजिन बहुधा सेल्फ मारताच पेटतं. सेल्फही वेगळाच. त्या काळात या ट्रॅक्टरांवर बऱ्याचदा एकच यंत्र बसवलेलं असे, सेल्फ मारताना मोटर आणि इंजिन चालू झालं की डायनामो. ते पट्ट्यावर फिरतं, त्यामुळे चालू होताना दात आपटल्याचा आवाज येत नाही, फक्त घुमत जाणारी एक चढती धून येते. ती ऐकली की जुन्या धन्याला बॅटरी किती उतरली आहे ते कळतं.

या इंजिनाचे भक्त त्याचा दोषही लपवत नाहीत, आणि ही गोष्ट मला त्यांच्याबद्दल विशेष आवडते. १० एचपी आणि त्यावरच्या के इंजिनांत कंपनं कमी करायला बॅलन्स गिअर घातलेले असतात. वय झालं की ते निखळतात आणि फिरता फिरता ब्लॉकला आतून भोक पाडतात. म्हणून इंजिन खोललं की जाणकार ते गिअर काढूनच टाकतात. थोडी थरथर वाढते, पण इंजिन वाचतं. कारखान्याने घातलेला भाग काढून यंत्र जास्त टिकवायचं, हे शहाणपण धन्यांनीच एकमेकांत फिरवलं आहे.

जॉन डिअरने या बाजारात पाऊल टाकलं १९६३ मध्ये, ११० हे मॉडेल घेऊन. आधीपासून शेतकऱ्याच्या मनात बसलेला हिरवा-पिवळा रंग आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी विक्रेता, या दोन गोष्टी बाकीच्यांकडे नव्हत्या. सुट्या भागांची सोय ही आजही हिरव्याची सगळ्यांत भक्कम बाजू आहे. संग्राहक १९६७ पर्यंतच्या गोल मडगार्डच्या ११०वर जास्त जीव टाकतात, कामकरी माणूस नंतरच्या चौकोनी मडगार्डच्या गाडीवर खूश असतो. १९६८ मध्ये हायड्रोस्टॅटिकचं १४० आलं. त्यात गिअर न बदलता एका दांड्याने पुढे-मागे जाता येई आणि हायड्रॉलिकवर अवजार उचलता येई.

याच ११०ने सिनेमातही नाव कमावलं. १९९४ मध्ये आयोवातल्या लॉरेन्स गावचे ७३ वर्षांचे आल्विन स्ट्रेट आजारी भावाला भेटायला निघाले. नजर अधू झाल्याने त्यांच्याकडे मोटारीचा परवाना नव्हता. त्यांनी गवत कापायच्या जुन्या जॉन डिअरला मागे ट्रेलर जोडला आणि ताशी आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने, वाटेत मुक्काम करत, विस्कॉन्सिनपर्यंत सुमारे ३९० किलोमीटर अंतर कापलं. डेव्हिड लिंच यांनी त्यावर १९९९ मध्ये ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा सिनेमा केला, त्यात १९६६चं ११० दिसतं. जुन्या हिरव्या गाड्यांच्या धन्यांना हा सिनेमा जवळचा वाटतो, कारण वाटेत बिघाड झाला तरी यंत्र दुरुस्त होतं आणि प्रवास पुढे चालू राहतो, हे त्यात अगदी खरं दाखवलं आहे.

जॉन डिअरने एक चूकही केली, आणि तीच आज संग्राहकांची ठेव झाली आहे. १९६९ ते १९७१ या काळात कंपनीने ११०, ११२, १२० आणि १४० या गाड्या पांढऱ्या रंगात काढल्या आणि बॉनेट व सीटला लाल, नारिंगी, पिवळा, निळा असे रंग दिले. घराच्या अंगणाला शोभेल असा ट्रॅक्टर द्यायचा विचार होता. गिऱ्हाइकाला हिरवाच हवा होता, त्यामुळे या गाड्या फारशा खपल्या नाहीत. आज मूळ रंगातली निळी किंवा नारिंगी बॉनेटची गाडी सापडली तर संग्राहक दूरदूरचा प्रवास करून येतात. या गाड्या देखण्या आहेत, पण मला त्यांच्यापेक्षा १९८३ ते १९९२ मध्ये बनलेलं ३१८ जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन सिलिंडरचं १८ एचपीचं ओनान इंजिन, पॉवर स्टिअरिंग, हायड्रॉलिक उचल. धनी सांगतात की बर्फाचं अवजार लावून पहाटे कामाला जायच्या आधी तासभर चालवलं तरी हात दुखत नाहीत. डिझेल हवं असणारे यानमारचं तीन सिलिंडरचं इंजिन असलेल्या ४३० कडे वळतात, आणि एकदा वळले की परत येत नाहीत.

केसचा ट्रॅक्टर हा यंत्राच्या विचाराने सगळ्यांत निराळा. त्यात इंजिनावर हायड्रॉलिक पंप, मागच्या धुऱ्यावर हायड्रॉलिक मोटर आणि मध्ये फक्त तेलाच्या नळ्या. पायातला क्लच नाही, ताकद नेणारा पट्टा नाही. दांडा पुढे ढकलला की गाडी पुढे, मागे ओढला की मागे. तेच दाबाखालचं तेल अवजार उचलतं आणि मागच्या रोटाव्हेटरची मोटरही फिरवतं, म्हणून कडक जमिनीत रोटाव्हेटर अडला तरी पट्टा जळायचा प्रश्न नाही. २२२, ४४४, ४४६, ४४८ ही त्यांतली गाजलेली मॉडेलं. १९८३ मध्ये हा धंदा इंगरसोल या नावाखाली गेला आणि पुढेही चालू राहिला. तेलातून ताकद नेताना काही ताकद उष्णतेत जाते आणि पेट्रोल जास्त लागतं, हे केसवाले मान्य करतात. तरी परसात रोज पुढे-मागे वळणं घेणाऱ्याला या दांड्याची सवय लागली की दुसऱ्या गाडीवर बसवत नाही.

ग्रेव्हली हे नाव या सगळ्यांहून जुनं. वेस्ट व्हर्जिनियातले बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली हे व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांनी मागे चालत चालवायचा यांत्रिक नांगर बनवला, १९१६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १९२२ मध्ये डन्बार गावी कंपनी उभी राहिली. दोन चाकांचा मॉडेल एल कित्येक दशकं बनत राहिला. कोकणात पॉवर टिलर चालवणाऱ्याला त्याचे दोन दांडे लगेच ओळखू येतील. पट्टा नाही, साखळी नाही, सगळी ताकद तेलात बुडालेल्या गिअरांतून जाते. पुढे आलेल्या चार चाकी ग्रेव्हलीत इंजिन मागे, चाकांवरच बसवलं. त्यामुळे ओढणाऱ्या चाकांवर आपोआप वजन येतं आणि पुढे बसवलेलं अवजार चालकाला समोर दिसतं. माझ्या लेखी बांधणीच्या बाबतीत ग्रेव्हली सगळ्यांच्या वर आहे. ती दिसायला ओबडधोबड आहे, शिकायला वेळ लागतो आणि म्हणूनच तिचे धनी थोडे आहेत, पण जे आहेत ते दुसरं यंत्र घेत नाहीत.

बाकीच्यांना एवढी जागा देता येत नाही. सिम्प्लिसिटीचे गवत कापायचे डेक आजही नावाजले जातात. डेकच्या मागे पूर्ण रुंदीचे रूळ असतात, ते जमिनीच्या उंचसखलपणाबरोबर डेकला हलवतात आणि कापलेल्या हिरवळीवर फिकट-गडद पट्टे उमटवतात. हेच ट्रॅक्टर ॲलिस-चाल्मर्सने १९६१ पासून बी-१ वगैरे नावांनी विकले. बोलेन्सवाले आपल्या गाडीच्या जाड नळीच्या सांगाड्यावर प्रेम करतात. इकॉनॉमी आणि पॉवर किंगची ख्याती मोटारी-ट्रकांच्या जातीचे गिअरबॉक्स वापरण्याबद्दल. सियर्सचा सबर्बन दुकानाच्या कॅटलॉगमधून घरी येई. त्याच्या धन्यांची आवड यंत्रापेक्षा आठवणीवर जास्त उभी आहे, आणि त्यात गैर काही नाही.

ही सगळी मंडळी एकत्र दिसतात ती नांगरणीच्या दिवशी. वसंतात किंवा शरदात एखादा शेतकरी आपलं शेत देतो, आणि वीस-तीस छोटे ट्रॅक्टर एकामागोमाग तास घालत जातात. नांगर बहुधा ब्रिन्लीचा, एका फाळाचा, दहा इंची. पहिला तास पडला की उजवी चाकं त्यात उतरतात आणि ट्रॅक्टर कलतो. म्हणून नांगर आधीच तिरपा बांधावा लागतो, म्हणजे गाडी कलली की फाळ सपाट बसतो. ज्याला हे जमत नाही त्याची माती नीट पलटत नाही, आणि शेजारचा धनी आपला ट्रॅक्टर थांबवून पान्हा घेऊन येतो. रंगाची भांडणं तिथे विसरली जातात. ओढ वाढवायला चाकांना बिडाची वजनं लावतात, किंवा आपल्याकडे जसं टायरमध्ये पाणी भरतात तसंच भरतात. फक्त तिथल्या थंडीत साधं पाणी गोठतं, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात. ते गळलं तर रिम गंजतात, त्यामुळे हल्ली काही जण बीटचा रस भरतात.

आता मूळ प्रश्न: धन्यांचा या यंत्रांवर एवढा जीव का? या आवडीला नुसतं स्मरणरंजन म्हणणं मला अपुरं वाटतं. आज मोठ्या दुकानांत मिळणाऱ्या गवत कापणीच्या गाड्यांचा हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स बऱ्याचदा बंद डबा असतो. त्याला तेल काढायचा बोल्टही नसतो. तो गेला की नवा घ्यायचा, आणि नव्या डब्याची किंमत ऐकून पुष्कळजण गाडीच भंगारात काढतात. मोठ्या शेती यंत्रांत तर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात असल्याने अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना दुरुस्तीच्या हक्कासाठी लढावं लागलं, आणि २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने त्यासाठी कायदा केला. परसातल्या जुन्या ट्रॅक्टरच्या धन्याला हा हक्क मागावा लागत नाही. त्याच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला तेल बदलल्याच्या तारखा पेन्सिलीने लिहिलेल्या असतात, कधी दोन वेगवेगळ्या अक्षरांत. यंत्र कसं चालतं हे त्याला माहीत असतं, आणि त्या माहितीची किंमत तो जाणतो.

या प्रेमात एक डोळेझाक होते, ती मात्र स्पष्ट सांगायला हवी. १९६०-७०च्या दशकांतल्या बऱ्याच गाड्यांना सीटखालचं ते स्विच नाही, ज्यामुळे चालक उतरला की पाती थांबतात. उलटली तर माणसाला वाचवणारी कमान नाही. फिरत्या शाफ्टवरची झाकणं दुरुस्तीच्या वेळी काढून पुन्हा न लावण्याची खोड सगळीकडे आहे. उतारावर आडवं चालवणं आणि नातवाला मांडीवर घेऊन गवत कापणं या दोन्ही गोष्टी कितीही जिव्हाळ्याच्या वाटल्या तरी त्यांत जीव आणि पाय गेलेले आहेत. सीटचं स्विच आज कुठल्याही जुन्या ट्रॅक्टरवर बसवता येतं. पॉइंटची फट मोजणाऱ्या माणसाला ते काम कठीण नाही, आणि मूळ रूप बिघडतं ही सबब मला मान्य नाही. पेट्रोलचा प्रश्न त्यामानाने सोपा. हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे भाग खराब होतात, म्हणून जाणकार नळ्या बदलतात आणि हिवाळ्याआधी टाकी रिकामी करतात.

खरी अडचण सुट्या भागांची आहे, आणि ती ओनान इंजिनाच्या धन्यांना सगळ्यांत जास्त जाणवते. ओनान कंपनी पुढे कमिन्सकडे गेली, त्याच कमिन्सकडे, जिचं नाव पुणेकरांना कोथरूडच्या कारखान्यामुळे पाठ आहे. ही छोटी दोन सिलिंडरची इंजिनं बनणं केव्हाच थांबलं. जॉन डिअर ३१८, केस ४४६ यांसारख्या चांगल्या स्थितीतल्या गाड्या केवळ एका व्हॉल्व्ह सीटसाठी किंवा इग्निशनच्या एका भागासाठी उभ्या राहतात. काही कारागीर घरच्या लेथवर भाग बनवून देतात, काही जण दोन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत करतात. इथेच धन्यांमध्ये दोन तट पडले आहेत. एका तटाला मूळ इंजिनच हवं, मग गाडी दहा वर्षं शेडमध्ये राहिली तरी चालेल. दुसरा तट जुन्या चासीवर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं नवं दोन सिलिंडरचं इंजिन किंवा होंडाच्या नमुन्यावरचं स्वस्त इंजिन बसवतो, पट्ट्याची पुली नव्याने जुळवतो, सायलेन्सरची नळी वळवून घेतो आणि येत्या हिवाळ्यात बर्फ काढायला लागतो. संग्रहालयात ठेवायच्या गोल मडगार्डच्या ११० ला किंवा निळ्या बॉनेटच्या गाडीला कुणी नवं इंजिन लावू नये, हे मीही म्हणेन. पण त्या मोजक्या गाड्या वगळल्या तर मी दुसऱ्या तटाच्या बाजूचा आहे. पाँड यांनी किंवा हार्वेस्टरच्या कारागिरांनी तो गिअरबॉक्स एवढा जाड ओतला तो ओढायसाठी, आणि त्याच्या पुढ्यात चालणारं इंजिन असेल तरच तो ओढेल.